केपटाऊन ते व्हिक्टोरिया फॉल्स, ट्रकने

दक्षिण आफ्रिकेतून निघून नामिबिया आणि बोट्सवाना पार करत झिम्बाब्वेत पोचायचं, हा ओव्हरलँड ट्रकचा, म्हणजे प्रवाशांना घेऊन तंबूत मुक्काम करत देशोदेशी फिरणाऱ्या ट्रकचा, सगळ्यांत रुळलेला मार्ग. साधारण तीन आठवडे लागतात. पहिल्यांदाच जाणार असाल तर हे आधी मनाशी पक्कं करा: इथे तुम्ही पाहुणे नसता. तंबू आपला आपण ठोकायचा, पहाटे अंधारात तो गुंडाळायचा, आणि भाजी चिरणं, भांडी घासणं, ट्रक झाडणं यांच्या पाळ्या लागतात.

या पाळ्यांना वैतागू नका. भांड्यांसाठी तीन टब मांडतात: एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात जंतुनाशक घातलेलं. नंतर ताटं फडक्याने पुसायची नाहीत, दोन्ही हातांत धरून हवेत हलवून वाळवायची. वीसेक माणसं एका ट्रकमध्ये राहतात. एकाचं पोट बिघडलं की दोन दिवसांत निम्मा ट्रक आडवा होतो, आणि ओलं फडकं त्याला मदतच करतं. माझ्या बहुतेक ओळखी ही ताटं हलवतानाच झाल्या.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच तसं लिहून द्या, आणि पहिल्या संध्याकाळी स्वयंपाक बघणाऱ्या गाईडला स्वतः भेटून पुन्हा सांगा. तिकडे ब्राय, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेलं मांस, हा मोठा सोहळा असतो. भाज्यांसाठी वेगळी जाळी मागितली तर कुणाला राग येत नाही. मक्याच्या पिठाचा 'पाप' नावाचा घट्ट लगदा आणि त्यावर चाकालाका नावाची तिखट भाजी आपल्या जिभेला लगेच रुचते. सोबत कोरडी लसणाची चटणी न्याच, सगळा ट्रक मागून खातो.

ट्रकमधले लॉकर अरुंद असतात, म्हणून कडक सूटकेस नको, मऊ सॅक घ्या. काही दिवस सात-आठ तास नुसतं बसून जातात. नामिबियातले खडीचे रस्ते आणि तासन्तास न बदलणारं क्षितिज बघायला ज्याला आवडेल, त्यानेच हा प्रवास निवडावा असं मला मनापासून वाटतं.

कंपनी निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: नामिब वाळवंटातल्या सेसरीमला मुक्काम राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाच्या आत की बाहेर? बाहेरचं फाटक सूर्योदयाला उघडतं, आतल्यांना मात्र तासभर आधी निघता येतं. ड्यून ४५ या वाळूच्या टेकडीच्या माथ्यावरून सूर्योदय बघायला मिळणार की नाही, हे एवढ्यावर ठरतं. शेवटचे पाच किलोमीटर खोल वाळू असल्याने ट्रक सोडून फोर बाय फोर गाडीने जावं लागतं. पुढे डेडव्हलेई, म्हणजे एक सुकलेलं तळं. तिथली काळी पडलेली झाडं काहीशे वर्षांपूर्वी मेली, पण हवा इतकी कोरडी की ती कुजलीच नाहीत.

नामिबियातल्या एतोशा राष्ट्रीय उद्यानात ओकाउकुएयो या तळावर मुक्काम असेल तर रात्री लवकर झोपू नका. पाणवठ्यावर दिवे असतात. शाल गुंडाळून बाकावर चिकाटीने बसा; हत्ती येतात, आणि नशीब असेल तर काळा गेंडाही.

बोट्सवानात गुरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाच्या बंदोबस्तासाठी नाके आहेत. ट्रकची चाकं औषधी पाण्यातून जातात, आपण उतरून बूट औषधात भिजलेल्या पट्टीवर घासायचे, कधी सॅकमधले इतर बूटही बाहेर काढायला लावतात. कच्चं मांस काढून घेतात, म्हणून बरेच गाईड ते आदल्या रात्रीच शिजवून टाकतात.

व्हिसाच्या बाबतीत कंपनीच्या भरवशावर राहू नका. सोबतच्या युरोपियन मंडळींचे नियम वेगळे, आपले वेगळे, आणि ते बदलत राहतात. चारही देशांच्या दूतावासांकडून खात्री करून घ्या. परतीचं विमान जोहान्सबर्गमार्गे असेल तर दक्षिण आफ्रिकेत पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा लागेल का, तेही बघा. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र जवळ असू द्या. लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. बोट्सवानातलं ओकावांगो, चोबे आणि व्हिक्टोरिया फॉल्स धबधब्याच्या भागात मलेरिया आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

आपली मे-जूनची सुट्टी म्हणजे तिकडच्या थंडीची सुरुवात. कलहारीत रात्री पारा शून्याखालीही जातो, त्यामुळे स्लीपिंग बॅगवर पैसे वाचवू नका. एप्रिल-मेमध्ये धबधब्याला पाणी सर्वाधिक, पण तुषारांच्या धुक्यात कडाच दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाकडची बाजू जवळजवळ कोरडी पडते. मला विचाराल तर ऑगस्टमध्ये निघा: पाणीही असतं, कडाही दिसतो, आणि कोरड्या दिवसांत जनावरं पाणवठ्यांवर गोळा झालेली असतात.