लाकडी दस्त्याची रायफल अलास्कात नेताय? या चुका टाळा

अलास्कात तपकिरी अस्वल, डॉल मेंढा किंवा डोंगरी बकरा यांच्या शिकारीला दुसऱ्या राज्यातला माणूस आला, तर सोबत परवानाधारक गाईड किंवा तिथला रहिवासी असलेला जवळचा नातलग असावाच लागतो. परदेशी नागरिकाला तर कुठल्याही मोठ्या जनावरासाठी गाईड सक्तीचा. गाईडची स्वतःची रायफल मात्र शिकारीसाठी नसते. पाहुण्याचा नेम हुकला आणि जखमी अस्वल झुडपात शिरलं, तर ते निस्तरायला ती असते. म्हणून .३३८ विंचेस्टर मॅग्नम किंवा .३७५ एच अँड एच अशा जबर काडतुसांची रायफल. धक्का जबर, पाऊस पाचवीला पुजलेला आणि गनस्मिथ (बंदुका दुरुस्त करणारा) विमानाच्या अंतरावर. बरेच गाईड म्हणूनच सिंथेटिक दस्ता वापरतात. अक्रोडाचा सोस सुटत नसेल, तर निदान तो आतून नीट करून घ्या. बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे: बाहेर आरशासारखं पॉलिश, आत कोरं लाकूड.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असा व्यवसाय उरलेला नाही. पण कोकणच्या पावसात जुन्या परवान्याच्या बंदुकीचा दस्ता फुगतो, तोही याच कारणाने.

कामाला लागण्याआधी रायफल रिकामी करा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) बोट घालून तपासा आणि बोल्ट (ती जागा मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून बाजूला ठेवा.

पाऊस पडला की नेम सरकतो

अक्रोडाचं ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत नसांना आडवं ५.५ ते ७.८ टक्के आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. ओल शिरली की हेच उलट होतं. दस्त्याचा पुढचा भाग फुगतो, वळतो आणि नळीला एका बाजूने ढकलतो. लोक दुर्बिणीला दोष देत बसतात. आधी कागदाची पट्टी नळीखालून रिकॉइल लगपर्यंत (नळीच्या मागच्या टोकाखालचा, धक्का दस्त्यावर देणारा लोखंडी ठोकळा) सरकवून बघा. अडकली तर दोष लाकडाचा.

नळीपेक्षा किंचित जाड दांडक्याला काचपेपर गुंडाळून दस्त्यातली नळीची खाच मोकळी करा. दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटर फट पुरे. खरी चूक यानंतर होते. घासून उघडं पडलेलं लाकूड तसंच ठेवतात, आणि महिन्याभरात फट बंद. खाच, मॅगझिनची चौकट, स्क्रूची भोकं आणि रबर पॅडखालचं दस्त्याचं बूड, या सगळ्या जागी पातळ केलेल्या वॉर्निशचे किंवा इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. जिथे नसांची तोंडं उघडी असतात, तिथून पाणी सर्वांत वेगाने आत जातं.

इपॉक्सी बेडिंग: इथे घाई नडते

लगच्या मागे आणि ॲक्शनखाली (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी सांगाडा) दोन-तीन मिलिमीटर लाकूड काढून इपॉक्सी भरतात, याला बेडिंग म्हणतात. धक्का लाकडाच्या छोट्याशा पट्ट्यावर न येता पसरावा, हा हेतू. लगच्या पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना आणि तळाला टेपचा थर लावा. मागच्या तोंडाला टेप नको, कारण तेच तोंड इपॉक्सीवर घट्ट टेकायला हवं. उलट केलं तर प्रत्येक गोळीला ॲक्शन मागे सरकते.

लोखंडाला इपॉक्सी चिकटू नये म्हणून लावायचा रिलीज एजंट एक हात देऊन थांबू नका, दोन द्या. बुटाचं मेणाचं पॉलिशही चालतं. ट्रिगरची चौकट, पिनांची भोकं, आत वळलेला प्रत्येक कोपरा मुलांच्या खेळातल्या चिकणमातीने भरा. इपॉक्सी अशा कोपऱ्यात जाऊन कडक झाली, तर लोखंड आणि लाकूड कायमचे एकजीव होतात. तसं झालंच, तर हातोडा उचलण्याआधी पूर्ण रायफल काही तास डीप फ्रीजरमध्ये ठेवून बघा. बऱ्याचदा सुटते.

इपॉक्सी वाळताना स्क्रू आवळू नका. आवळले तर ॲक्शन वाकलेल्या अवस्थेत साच्यात बसते. पूर्ण वाळल्यावर पुढचा स्क्रू सैल करत, नळी आणि दस्ता जुळतात तिथे बोट ठेवा. नळी उसळल्याचं जाणवलं, तर बेडिंग ताणात आहे. परत करायचं.

स्क्रू नुसत्या लाकडावर आवळले की लाकूड दबत जातं आणि दर हंगामात पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठी आत ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवतात, त्यांना पिलर म्हणतात. लाकडी दस्त्याला साधारण ४ ते ५ न्यूटन-मीटर पुरतात.

टँगच्या (ॲक्शनची मागची निमुळती शेपटी) मागे, मुठीच्या सुरुवातीला केसासारखी चीर दिसते ना? तिथे लोखंड लाकडाला चिकटून बसलेलं असतं आणि प्रत्येक धक्क्याला पाचर ठोकावी तसं लाकूड फाडतं. अर्धा मिलिमीटर फट ठेवा. दिसायला वाईट दिसते, दिसू दे. .३७५ ला लगच्या मागे आडवा बोल्टही हवाच.

लांबी

घरी टी-शर्टवर माप घेऊन दस्ता कापला, की जाड जाकिटावर तो काखेत अडकतो. ट्रिगरपासून बुडापर्यंत १३.५ इंच (३४३ मिमी) हे नेहमीचं माप. थंडीतल्या कपड्यांसाठी अर्धा इंच कमी चालेल. कापताना रेषेवर मास्किंग टेप गुंडाळा, नाहीतर कडेचे धलपे निघतात. आणि पॅडची जाडी आधी वजा करा. हा हिशोब चुकल्यावर लाकूड परत जोडता येत नाही.

तेल आणि पॉलिश

जुनं वॉर्निश घासून काढू नका, रिमूव्हरने काढा. घासलं की कडा गोल होतात आणि लोखंड लाकडापेक्षा वर येतं. पोचे ओलं फडकं आणि गरम इस्त्रीने वर येतात, पण नस तुटली असेल तर नाही. शेवटचा काचपेपर ३२० चा, आणि त्याआधी लाकूड ओलं करून उठलेली लव काढून घ्या. स्टील वूल टाळा. त्याचे कण अक्रोडातल्या टॅनिनशी मिळून काळे डाग पडतात.

कच्चं जवसाचं तेल वाळायला फार दिवस घेतं आणि वाळल्यावरही ओल पुरेशी रोखत नाही. टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं) आणि वॉर्निशचं मिश्रण बरं. पातळ हात, दहा-पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसायचं, दुसरा हात चोवीस तासांनी. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

भिजलेली रायफल तंबूतल्या चुलीजवळ टेकवणं ही शेवटची आणि सगळ्यांत स्वस्तात होणारी चूक. बाहेरचं लाकूड आधी आक्रसतं, आतलं फुगलेलंच राहतं, आणि चीर पडते. पुसा, दस्ता वेगळा करा, चुलीपासून लांब हवेवर वाळू द्या. लोखंडाला तेल लावून ठेवताना रायफल नळी खाली करून उभी ठेवा. उलट ठेवली तर तेल ओघळून टँगखालच्या लाकडात मुरतं, आणि तेल प्यालेल्या लाकडाला पुढे इपॉक्सी धरत नाही.