ॲम्प्लिफायरचा पावर सप्लाय घरी बनवताय? या चुका टाळा

श्रावण लागला की आमच्या देवगड-कुडाळ पट्ट्यात भजनी मंडळांची सामानाची झाडाझडती सुरू होते. पखवाज शाई भरायला जातात आणि ॲम्प्लिफायर एसटीतून मांडीवर बसून माझ्याकडे येतात. बोर्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतो. मुंबईच्या चाकरमान्याने लॅमिंग्टन रोडवरून टीडीए७२९४ या ॲम्प्लिफायर चिपचा तयार बोर्ड आणून दिलेला असतो, आणि ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), कंडेन्सर पोरांनी घरी जोडलेले असतात. बोंब असते ती तिथे. दरवर्षी त्याच त्या चुका बघून कंटाळलो, म्हणून लिहून टाकतो.

सिरीज बल्ब न लावता बटण दाबणं

हे बघितलं की माझं डोकं फिरतं. सगळं एकदम जोडायचं, बोर्डसकट, आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबायचं. सप्लाय आधी एकटा चालू करायचा, बोर्ड बाजूला. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या, म्हणजे मेन्सच्या बाजूच्या, फेजमध्ये ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाकायचा. एलईडी चालत नाही, तारेचाच हवा. दुकानात मिळत नसेल तर माळ्यावर शोधा, प्रत्येक घरात एखादा पडलेला असतो. बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर उजळून जवळजवळ विझला तर कंडेन्सर नीट भरले. उजळलेलाच राहिला तर ब्रिज शॉर्ट आहे, कंडेन्सर उलटा आहे, नाहीतर सेकंडरी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची कमी व्होल्टची बाजू, कुठेतरी चिकटली आहे. तिथेच थांबायचं, प्लग काढायचा आणि शोधायचं. बल्बमुळे सहसा काही जळत नाही. पण पोरांना तेवढाही धीर नसतो. 'फ्यूज आहे ना' म्हणतात, आणि फ्यूज उघडून बघावा तर आत तांब्याची तार गुंडाळलेली.

बल्ब विझला की तो काढून मीटरने प्लस आणि मायनस दोन्ही बाजू ग्राउंडपासून मोजायच्या. एखाद्या व्होल्टचा फरक चालेल. पाच-सहाचा असला तर बोर्ड जोडायचा विचारही करू नका.

मायनस बाजूचा कंडेन्सर उलटा

मायनस बाजूला कंडेन्सरचा प्लस ग्राउंडला जातो. हे विसरलात तर कंडेन्सर फुटून स्वतःच आठवण करून देतो. चालू करताना त्याच्यावर तोंड धरू नका.

'२४ व्होल्टला ३५ चा कंडेन्सर पुरे'

पुरत नाही. २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर डीसीला २४ देत नाही, १.४ पट देतो, म्हणजे ३३-३४. तेही लोड असताना. लोड नसताना सेकंडरीच २५-२६ दाखवते. त्यात आपली लाइन: गाव डीपीच्या टोकाला असेल तर संध्याकाळी १९० व्होल्ट, आणि मध्यरात्री सगळे झोपले की २५०. हिशोब केला तर रात्री ३८ च्या वर जातं. मी ५० व्होल्टच्या खाली कंडेन्सर घेतच नाही, ६३ चा मिळाला तर तोच. याच कारणाने टीडीए७२९४ ला ३०-०-३० चा ट्रान्सफॉर्मर लावू नका. त्याची कामाची मर्यादा दोन्ही बाजूंना ४० व्होल्टची, आणि तुम्ही त्याला ४२ ने सुरुवात करून देता.

हम (स्पीकरमधली घुरघुर) आला की कंडेन्सर बदलणं

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे इथेच जास्त वाया जातात.

मागे आचऱ्याच्या बाजूचा एक मुलगा मंडळाचा ॲम्प्लिफायर घेऊन आला. चालू केला की स्पीकरमधून चरचर, आवाजाचं बटण शून्यावर असलं तरी. आधी त्याने ४७०० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर बदलून नवे ४७०० घातले. फरक नाही. मग कोणीतरी सांगितलं म्हणून १०,००० चे घातले. "काका, मोठे घातलंय, तर आवाज आणखी वाढलो!" सांगताना तोंड रडवेलं, कारण पैसे मंडळाचे होते आणि गणपती चार दिवसांवर.

कंडेन्सर मोठा केल्यावर आवाज वाढला, हे ऐकूनच अर्धा रोग कळला. इनपुट शॉर्ट करून बघितलं, चरचर तशीच, म्हणजे मिक्सर आणि माइक सुटले. मग आतलं वायरिंग. ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप, म्हणजे २४-०-२४ मधली शून्याची मधली वायर, एका टॅगवर (सोल्डरच्या पत्र्यावर) आणला होता, तिथून वायर दोन कंडेन्सरच्या मधल्या जोडावर गेली होती. इथपर्यंत ठीक. पण स्पीकरची काळी वायर आणि इनपुटचं ग्राउंडही त्याने त्याच टॅगवर सोल्डर केलं होतं. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला!

सेंटर टॅप आणि कंडेन्सर यांच्यामधल्या त्या तुकड्यातून करंट सतत वाहत नाही. सेकंदाला १०० वेळा झटक्याने येतो, आणि झटका मोठा असतो. तार जाड असली तरी तिला थोडा रेझिस्टन्स असतोच, म्हणून प्रत्येक झटक्याला त्या टॅगवर काही मिलिव्होल्ट उभे राहतात. इनपुटचं ग्राउंड तिथे असेल तर बोर्ड त्यालाच गाणं समजून वाढवतो. कंडेन्सर मोठा केला की रिपल (डीसीवर उरलेली लाट) कमी होतो, पण झटके अरुंद आणि उंच होतात. म्हणून आवाज वाढला.

दोन वायरी उचलल्या. कंडेन्सरच्या मधल्या जोडावरून एक आखूड जाड तार काढून वेगळा स्टार पॉइंट केला, आणि इनपुट, स्पीकर, बोर्डचं ग्राउंड, चेसिस सगळं तिथे आणलं. चालू केल्यावर पोरगा स्पीकरला कान लावून बसला. त्याला वाटलं ॲम्प बंदच आहे. जुने ४७०० चे कंडेन्सर पिशवीत होते, चांगले होते.

तेव्हा आधी आवाज ओळखा. आपली लाइन ५० हर्ट्झची, ब्रिजनंतरचा रिपल १०० चा. १०० म्हणजे ५० च्या बरोबर एक सप्तक वर, भजनी माणसाच्या कानाला हे सांगावं लागू नये. खालचा जाड घूं असेल तर ग्राउंड लूप (ग्राउंडला दोन वाटा मिळणं), इनपुट वायरीजवळ ठेवलेला ट्रान्सफॉर्मर किंवा ब्रिजमधला एक डायोड उघडा. वरचा असेल तर रिपल, नाहीतर वरची ग्राउंडची भानगड. आणि मोठ्या आवाजात वाजवतानाच हम येत असेल तर कंडेन्सर खरंच कमी पडतोय: २ अँपिअरला ४७०० वर साधारण ४ व्होल्टचा रिपल असतो, १०,००० वर २ चा.

किरकोळ, पण रोजचं

७८१२ आणि ७९१२ या प्लस आणि मायनस १२ व्होल्टच्या रेग्युलेटरांच्या पायांचा क्रम वेगळा असतो. ७९१२ ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते आणि टीडीए७२९४ ची मायनस सप्लायला, त्यामुळे अभ्रक न लावता चेसिसला स्क्रू मारला की मायनस बाजू गेली. कंडेन्सर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामे करणारे स्वतःला मिस्त्री म्हणवतात. १०० ओम, १० वॅटचा रेझिस्टर क्लिपने काही सेकंद लावा, नाहीतर २.२ के, २ वॅटचा प्रत्येक कंडेन्सरवर कायमचा सोल्डर करा, प्लग काढल्यावर दोनेक मिनिटांत रिकामे होतात.

खारी हवा

किनाऱ्यालगतच्या गावात बनवलेला सप्लाय पहिल्या वर्षी छान चालतो. दुसऱ्या पावसानंतर फ्यूज होल्डरच्या पत्र्यांवर हिरवं चढतं, ब्रिजच्या क्लिपा काळ्या पडतात, आणि ॲम्प मध्येच खरखरतो. मी ब्रिजवर क्लिपा वापरतच नाही, थेट सोल्डर. सोल्डर झाल्यावर उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून काढायचा, कारण तो ओल धरतो. मग सुकल्यावर सोल्डर केलेल्या बाजूला क्लिअर लॅकरचा हलका फवारा. फ्यूज होल्डर, व्हॉल्यूम आणि सॉकेट आधी चिकटपट्टीने झाका, त्यांच्या आत लॅकर गेला तर कॉन्टॅक्टच जातो.