काकवी उतू जाऊ नये म्हणून: चूल पेटवण्याआधी

काकवी म्हणजे उसाचा रस आटवून केलेला दाट पाक. त्याचा उतू जाणारा फेस बसवायला सगळ्यात आधी तेलाची वाटी. दोन चमचे शेंगतेल, उघड्या वाटीत, चुलीशेजारी हात पोचेल तिथे. बाटली नको, वाटीच; रसाने चिकट झालेल्या हाताने बूच निघत नाही. गेल्या हंगामात घरात तेल होतं, पण माडीवर. ते खाली येईपर्यंत निम्मी काकवी चुलवाणात. म्हणून आधी वाटी, मग ऊस.

ऊस त्याच दिवशी तोडलेला हवा. वाढ्याबरोबर, म्हणजे शेंड्याच्या पाल्याबरोबर, शेंड्याकडची दोन-चार कांडीही म्हशीला टाका, तिकडे गोडी कमी. रसवंतीवरून रस आणणार असाल तर आलं, लिंबू, बर्फ काही नको हे घाणा सुरू व्हायच्या आधीच सांगा, नाहीतर सवयीने टाकतात. रस ठेवून देऊ नका, आंबतो. गाळायला धुतलेला पंचा.

पातेल्यात कंजुषी नको. दहा लिटर रसाला निदान पंचवीस-तीस लिटरचं पातेलं. ‘एवढं धूड कशाला?’ असं घरात कुणीतरी म्हणणारच, म्हणू द्या. पसरट मिळालं तर सोनंच. कराड-वाळव्याकडच्या गुऱ्हाळावरची काहील, म्हणजे रस आटवायची पसरट कढई, उगाच एवढी रुंद नसते, पाणी झपाट्याने उडतं आणि फेसाला पसरायला जागा मिळते.

भेंडीचं खोड ठेचून पाण्यात चोळून ठेवा. चिकट बुळबुळीत पाणी झालं पाहिजे. रस कोमट झाला की ते घालायचं, म्हणजे रसातला गाळ त्याला धरून मळी होऊन वर येतो. ही मळी खळखळून उकळी फुटायच्या आत झाऱ्याने काढायची. झारा आणि मळीची बादली जवळ हवी. मळी राहिली तर उकळीबरोबर परत रसात मिसळते, काकवी काळपट होते आणि फेसही जास्त धरतो. रंग उजळवणारं हायड्रोससारखं रसायन वगैरे अजिबात नको, घरी खायचं आहे.

आता जाळ. गॅसवर करणारे सुटले, बटण फिरवलं की झालं. चिपाडांचा, म्हणजे रस काढलेल्या वाळक्या उसाचा, जाळ असा विझत नाही. त्यामुळे जळण ओढून काढायला लोखंडी आकडा आणि ते टाकायला मोकळी जमीन आधीच ठरवा. चिपाडं थोडी थोडी घाला. थोडा रस तांब्यात बाजूला ठेवा, पहिली उकळी वर धावली की त्याचा हबका मारायचा, फेस बसतो.

पण हा हबका सुरुवातीलाच चालतो. फसवणूक पुढे आहे. रस आटून पाक दाटला की पातेलं निम्म्याहून रिकामं दिसतं आणि माणूस फोन बघायला लागतो. नेमक्या त्या वेळी बुडबुडे बारीक, चिवट होतात, फुटत नाहीत, एकावर एक चढतात आणि बघता बघता काठाला लागतात. तिथे पाणी मारू नका, तडतडून अंगावर येतं. तिथे तेलच. पाच-सहा थेंब फेसावर टाकले की त्याची साय फाटते आणि तो खाली बसतो. वाटीभर ओतायचं नाही, तेलकट लागतं. खोबरेल नको, वास राहतो. वाटी आहे ना जागेवर? बघून या. कुणी उचलून आमटीच्या फोडणीला नेली नसेल कशावरून?

पोरांना लांब ठेवा, पाक कातडीला चिकटून भाजतो. गार पाण्याची बादली हवी. पूर्ण बाह्यांचा सदरा.

थर्मामीटर असेल तर १०५-१०६ अंशांवर उतरवा. त्याच्या पुढे गेलात तर गुळाच्या वाटेला लागाल. तो ११८ च्या आसपास होतो आणि त्याचं कसब वेगळं, गुळव्याला विचारा. थर्मामीटर नसेल तर बोटांत तार बघा, पण बशीत गार करून. उतरवायला दोन माणसं, दोन फडकी. गाळून घ्या, गार होऊ द्या, कोरड्या काचेच्या बरणीत भरा. पातेल्यात लगेच पाणी ओता.

आणि चूल पेटवायच्या आधी परत एकदा: वाटी.