नातेवाईक आणि निसर्ग: उन्हाळी सुट्टीतला गाडीप्रवास कसा आखावा

बहुतेक जण आधी नातेवाइकांना फोन लावतात आणि तिथेच बेत फसतो. मावशी एक तारीख देते, काका दुसरी, आणि सगळं ठरल्यावर कळतं की आपण किनाऱ्यावर पोहोचू तेव्हा ऐन भरती असणार. मावशीला दोन दिवस पुढेमागे चालतात, समुद्राला चालत नाहीत. म्हणून पहिली पायरी निसर्गाची.

ओहोटीत उघडे पडणारे खडक आणि त्यांच्या डबक्यांतले जीव बघायचे असतील, तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरा, तेव्हा पाणी सर्वांत मागे जातं. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी उशिरा होते, त्यामुळे कुणी मागच्या आठवड्यात गेलं होतं त्याची वेळ आपल्या कामाची नाही. आकाशगंगा बघायची तर अमावास्याच हवी. मोबाइल खिशात ठेवून अंधारात २०-३० मिनिटं बसा, डोळे सरावायला तेवढा वेळ लागतोच. धबधब्याबाबत आधी चौकशी करा. पावसावर वाहणारा उन्हाळ्यात नुसता ओला कडा असतो. बर्फाच्या पाण्याचा मात्र याच दिवसांत भरात असतो, पण तिथले ओढे दुपारनंतर फुगतात, तेव्हा सकाळीच जाऊन परत या. गुहेत बारा महिने जवळपास सारखाच गारवा, म्हणून भर दुपार तिच्यासाठी राखून ठेवा. आणि डोंगरावर जाणार असाल तर दर १००० मीटरला हवा सुमारे ६ अंशांनी थंड होते. उन्हाळा असला तरी स्वेटर घ्या.

आता फोन करा. एका घरी शक्यतो दोन रात्री राहा. एकच रात्र म्हणजे उशिरा पोहोचायचं, जांभया देत गप्पा मारायच्या आणि सकाळी बॅगा उचलायच्या. याला भेट म्हणत नाहीत. पोहोचायच्या दिवशी दुसरं काहीही बघायचं ठेवू नका. किती जण येतोय, कुणाला जिना चढवत नाही, गाडी कुठे लावायची, हे आधीच बोलून घ्या. वेळ सांगताना ‘पाचला’ नको, ‘पाच ते सातच्या दरम्यान’ म्हणा, म्हणजे कुणी खिडकीत ताटकळत बसणार नाही. दुसऱ्या दिवशी जवळचं ठिकाण बघायला त्यांनाही सोबत घ्या. घराजवळचा डोंगर वर्षानुवर्षं न चढलेली माणसं हमखास भेटतात.

गाडी निघण्याच्या आठवडाभर आधी तपासून घ्या: ब्रेक, कूलंट, वायपर, स्टेपनीतली हवा. टायरची हवा गाडी थंड असतानाच मोजा. पळून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, तो बघून हवा सोडू नका.

रस्त्यावर दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा, चालवणाऱ्याला थकवा जाणवत नसला तरीही. गाडी लागणाऱ्या मुलाला पुस्तक किंवा मोबाइल देऊ नका. डोळे स्थिर पानावर आणि कान हलण्याची खबर देतायत, या गोंधळातूनच मळमळ होते. त्याला समोर लांबवर बघायला सांगा. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापून पकड सोडतात.

एका बाबतीत मात्र हयगय नको. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत जवळपास १० अंशांनी वाढतं, काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडत नाही. झोपलेलं मूल असो की म्हातारी आजी, ‘आलोच पटकन’ म्हणून कुणालाही आत ठेवू नका.

शेवटी वेळापत्रकात एक ओळ घाला, जी नेहमी राहून जाते. ‘निघतो’ म्हटल्यापासून गाडी खरोखर सुरू होईपर्यंत प्रत्येक घरी दारात अर्धा तास जातो. आत्याकडे पाऊण धरा.