स्टोरीबोर्ड आर्टिस्टला डिरेक्टर व्हायचं असेल तर

अ‍ॅनिमेशन शिकणारी बरीच मुलं विचारतात की डिरेक्टर व्हायला कोणता कोर्स करू. माझं स्पष्ट मत आहे, बोर्डिंग शिका, म्हणजे फिल्म बनण्याआधी सीन चित्रांच्या चौकटींमध्ये (पॅनलमध्ये) मांडायला शिका. कॅमेरा कुठे, कट कधी, बघणाऱ्याचं लक्ष कोणावर, हे सगळं पहिल्यांदा तिथेच ठरतं.

जेनिफर यू नेल्सनचंच बघा ना. १९९८ मध्ये ड्रीमवर्क्स या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत स्टोरी आर्टिस्ट म्हणून लागली, मग 'कुंग फू पांडा'ची (२००८) हेड ऑफ स्टोरी झाली, आणि त्यात सुरुवातीला पो या हिरो पांडाला पडणारं ते टूडी स्वप्न आहे ना, ते तिनेच डिरेक्ट केलं, त्याच्या स्टोरीबोर्डिंगला अ‍ॅनी अवॉर्डही (अ‍ॅनिमेशनसाठीचा पुरस्कार) मिळालं. दुसरा भाग (२०११) तिने एकटीने डिरेक्ट केला. म्हणजे आधी एक सिक्वेन्स, मग पूर्ण फिल्म.

आता तुम्ही काय करायचं? एक साधा सीन घ्या, नापास झालेली मुलगी घरी येते, आई ओट्याशी उभी. आधी ठरवा सीन कोणाचा. मुलीचा असेल तर आई पाठमोरी ठेवा, प्रगतीपुस्तक ओट्यावर सरकवणारा हात क्लोजमध्ये घ्या आणि आईची मान वळायला लागली की कट. आईचा असेल तर कॅमेरा ओट्याच्या बाजूने, पुढे आईचा चेहरा आणि मागे दारात मुलगी लहानशी, चप्पलसुद्धा न काढता उभी. दोन्ही काढून बघा, अगदी छोट्या थंबनेलमध्ये (कच्च्या चित्रात), डिटेलिंगच्या नादी लागू नका. मग अ‍ॅनिमॅटिक बनवा, म्हणजे पॅनल वेळेनुसार एकामागोमाग लावून व्हिडिओ करा (ब्लेंडर या सॉफ्टवेअरमधलं ग्रीस पेन्सिल हे चित्र काढायचं टूल फुकट आहे), डायलॉग स्वतःच्या आवाजात टाका, आणि म्यूट करून कोणाला तरी दाखवा. आवाज नसताना गोष्ट कळली नाही तर पॅनल बदला, डायलॉग वाढवू नका.

पिचिंगची, म्हणजे टीमसमोर सीन सांगायची, प्रॅक्टिस तर करावीच लागेल, त्यात बरीच चांगली चित्रं काढणारी मुलं मागे पडतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. उभं राहून, पॅनल दाखवत, सगळ्या पात्रांचे आवाज काढत सीन सांगायचा. नोट्स (बदलाच्या सूचना) आल्या, अर्धे पॅनल उडाले, तरी वाद घालत बसू नका, नेमकं कुठे अडलं तेवढं विचारा आणि परत काढा. डिरेक्टर झाल्यावर हेच दुसऱ्यांच्या बोर्डबद्दल करायचं असतं.

पोर्टफोलिओत सुंदर पोस्टर भरू नका. दोन-तीन पूर्ण सिक्वेन्स ठेवा, एक अ‍ॅक्शनचा, एक नुसत्या अभिनयाचा, आणि जमलं तर एक विनोदी.