किमाईमध्ये वेळ साडेपाच तास मागे दिसते? माझा अनुभव

टीमचे तास नोंदवायला आम्ही किमाई हे सॉफ्टवेअर निवडलं: मुक्तस्रोत आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं. पण सकाळी दहाला लावलेला टायमर साडेचारचा दिसायचा. सर्व्हरचं घड्याळ तपासलं, पीएचपीचा (किमाई ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय तिचा) टाइमझोन बदलला, किमाई ज्यात चालतं तो कंटेनर पुन्हा सुरू केला. फरक शून्य, जीव अगदी मेटाकुटीला आला.

शेवटी कारण कळलं: किमाई प्रत्येक वापरकर्त्याचा टाइमझोन वेगळा धरतं. म्हणून आधी चालू टायमर थांबवा. मग प्रत्येकाच्या प्रोफाइलमधल्या वैयक्तिक सेटिंग्जमध्ये 'एशिया/कोलकाता' निवडून सेव्ह करा. शेवटी अ‍ॅडमिनच्या सेटिंग्जमध्ये नव्या वापरकर्त्यांसाठीही तोच टाइमझोन ठेवा. जुन्या नोंदी आपोआप बदलत नाहीत, कारण प्रत्येक नोंदीसोबत तेव्हाचा टाइमझोन साठवलेला असतो. त्या हातानेच दुरुस्त कराव्या लागतात. परदेशातल्या सहकाऱ्याचा टाइमझोन मात्र त्याचाच राहू द्या.