कासव शाळेत न्यायचं का?

लेकीचा हट्ट, "आई, कासव वर्गात दाखवायला नेऊ?" आधी जात बघा. तारा कासव किंवा पंचगंगेतलं देशी असेल, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते घरात ठेवणंच गुन्हा; वनखात्याला कळवा. आमचं कानाशी लाल पट्टा असलेलं, परदेशी. मग बाईंना विचारलं.

खरी भीती साल्मोनेलाची, म्हणजे पोट बिघडवणाऱ्या जंतूंची. कासव ठणठणीत दिसलं तरी जंतू अंगावर असू शकतात. पोरं हात लावणार आणि तेच हात डब्यात घालणार! साबण-पाण्याची सोय नसेल किंवा बालवाडीची पिल्लं असतील, तर नेऊच नका. त्यात आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत, रिक्षात, मार्चच्या उन्हात त्या बिचाऱ्याचे हाल. आम्ही व्हिडिओच पाठवला.

आणि हो, कंटाळा आला म्हणून रंकाळा तलावात सोडू नका, तिथल्या देशी कासवांचं खाणं ते पळवतं.